उणे साठ

रात्री नऊला दुकानातला पोरगा
लाल चिठ्ठ्यांचं रीळ घेऊन निघतो.
उणे साठ टक्के.
मी त्याच्या दोन पावलं मागे,
हात खिशात, जणू कसलीच घाई नाही.
आज हेरिंग मिळाली, राईचा ब्रेड,
आणि एक केक, ज्यावर कुणा पिर्कोचं नाव चुकलं होतं.

बाहेर उणे बावीस.
सायकली लावायच्या जागी, दिव्याखाली,
मी हातमोजे काढून चिठ्ठ्या सोलतो.
थंडीत डिंकाची काच होते,
कागद फाटतो, अर्धा तिथेच राहतो.
मग फुंकर. नखाची कड. पुन्हा फुंकर.
ओळखीचे लोक बघतात आणि पुढे जातात.
त्यांना वाटतं, म्हातारा स्वस्तातलं घेतो आणि लाजतो.
लाज कसली?
इर्मेलीला चिठ्ठ्यांची भीती वाटते.

अस्वलाची नाही.
अस्वल तिने एकदा झाडूने हाकललंय.
चिकटवलेल्या कागदाची.
सफरचंदावरच्या एवढ्याशा टिकलीचीसुद्धा.
त्यातही कड सुटलेली,
धड चिकटलेली नाही, धड निघालेली नाही, अशी असली तर फार.
का, ते मी एकदाच विचारलं, लग्नाच्या वर्षी.
"ते सोडत नाही," एवढंच म्हणाली,
आणि नळातलं पाणी गार होईपर्यंत हात धूत राहिली.

मी सगळा जन्म कागदाच्या गिरणीत काढला.
शर्टाला लगद्याचा वास यायचा,
त्याचं तिला काही नव्हतं.
गिरणी बंद पडली तेव्हापासून
आम्ही कॉफीचा चोथा दोनदा उकळतो,
सॉना फक्त शनिवारी,
कपडे रात्री दोनला, वीज स्वस्त असते तेव्हा.
दारावरचं आमचं नाव मी ब्रशने रंगवलंय.
बेरीच्या मुरांब्याला बरण्या लोकांच्या कचऱ्यातून येतात,
शेडमध्ये बादलीत आठवडाभर भिजतात,
पार नागड्या झाल्या की मग घरात.
गावात आम्हाला चिक्कट म्हणतात.
हे मी तिला सांगितलेलं नाही.
शब्दातही तेच आहे.

एकदा एक चिठ्ठी बुटाच्या तळाला लागून आली.
ती रात्र तिने शेजारी, आउनेच्या सोफ्यावर काढली.
सकाळी आली, ओट्स शिजवले, बोलली काहीच नाही.
मी बूट जाळले.
हिवाळ्यातला तोच एक जोड होता.

या फेब्रुवारीत माझ्या छातीत दुखलं.
इस्पितळात अंगभर चकत्या चिकटवल्या,
त्यांना तारा, तारांच्या टोकाला माझं हृदय,
कागदावर वेडंवाकडं चालणारं.
सोडताना नर्स घाईत होती.
दोन राहून गेल्या, काखेच्या मागे,
मला पत्ताही नव्हता.

शनिवार होता. सॉनात मी शर्ट काढला
आणि पाठीमागे तिचा श्वास थांबलेला ऐकला.
"तू जा," म्हणालो, "मी काढतो."
हात पोचेना.
दार वाजलं. आउनेकडे गेली असणार.
वाफेत बसून मी
माझंच खांदाड चाचपत राहिलो.

दार पुन्हा वाजलं.
एका हातात लोकरीचा मोजा, नजर छताच्या फळीवर,
दुसऱ्या हातात तेलाची बाटली,
लेबल मीच घासून काढलेली.
तव्यावर थेंब मोजून टाकणारी ही बाई,
तिने अर्धी बाटली माझ्या पाठीवर ओतली.
मग मोठ्याने आकडे म्हणू लागली,
शाळेतल्या पोरीसारखे, एक, दोन, तीन.
सतराला पहिली सुटली.
दुसरीला एकेचाळीस लागले.
मोजा, चकत्या, सगळं भट्टीत.
लोकर जळाल्याचा वास आला
आणि ती तशीच, अनवाणी, बाहेर गेली.
बर्फात ओकताना मी तिला ऐकलं.

आत येऊन खालच्या पायरीवर बसली,
माझ्यापासून जरा लांब.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
"तेल संपलं.
आता महिनाअखेरपर्यंत बटाटे उकडूनच."